सोमवारी पडणारा दगड

मी आयुष्यभर पंचांग केलं. केलं म्हणजे छापलं नाही, विकलं नाही, आणि पाटावर बसून कोणाला वाचूनही दाखवलं नाही. त्यातले आकडे काढले. एवढं सांगितलं की समोरचा माणूस लगेच तळहात पुढे करतो. अहो, ते दुकान वेगळं. भविष्य सांगणाऱ्याला चुकायची सोय असते, आम्हाला नव्हती. ग्रहण अमुक वाजता लागणार असं आम्ही छापलं की चौपाटीवर माणसं मनगटाकडे बघत उभी राहायची, आणि चंद्र काही आमची अब्रू राखायला थांबत नाही.

गिरगावात फणसवाडीच्या तोंडाशी आमचं कार्यालय होतं. खाली छापखाना, वर गणिताची खोली. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते आणि पंचांगाचे मालक अण्णा गणिताला माणूस शोधत होते, अशी गाठ पडली. "बाई पंचांग करते हे बाहेर बोलायचं नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. "खपावर परिणाम होतो." मी म्हटलं, बरं. चंद्राला तर माहीत नाही ना, मग झालं.

काम काय, ते थोडक्यात सांगते. रोज सूर्योदयाला सूर्य कुठे, चंद्र कुठे, हे काढायचं. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी संपली. आता चंद्राची चाल कधी जलद, कधी मंद, म्हणून तिथी कधी लांबते, कधी आखडते. हे लोकांना पटत नाही. एक गृहस्थ दरवर्षी भांडायला यायचे. "वडिलांची तिथी तुम्ही दोन दिवस दाखवलीत, मी ब्राह्मण दोनदा जेवायला घालू?" एका वधूपित्याला हॉल सकाळचाच मिळाला होता, तर त्याने अण्णांना तिथी पाऊण तास अलीकडे ओढायला सांगितलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "ओढतो, पण चंद्राला निरोप तुम्ही पोचवा."

आणि एक रीत होती, तिच्यावर आमचं सगळं घर उभं होतं. ताळा. प्रत्येक गणित दोघांनी करायचं, वेगवेगळ्या जागी बसून, एकमेकांचा कागद न बघता. दोन्ही उत्तरं जुळली तरच खिळे जुळवायला खाली द्यायची. एकट्याने केलेलं गणित कितीही सुबक असो, अण्णांच्या लेखी ते गणितच नव्हे. माझ्या ताळ्याला होते डिमेलो मास्तर. गिरगावातल्याच एका जुन्या ख्रिस्ती वाडीत राहायचे, शाळेतून निवृत्त झालेले, अंगणात आरामखुर्ची टाकून आमचं गणित करायचे. म्हणजे सोवळ्यातली मंडळी जे पंचांग देवघरात ठेवत होती, ते एक बाई आणि एक ख्रिस्ती मास्तर मिळून करत होते. मला याचा अजूनही आनंद होतो.

आता कुसुम. आमच्या छापखान्यात छापील तावांच्या घड्या घालायला चार बायका होत्या, त्यांतली ही सर्वांत लहान. लालबागच्या चाळीतली, मूळची मालवणकडची, नवरा रघू गिरणीत साचेवाला. जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या खोलीत यायची आणि विचारायची, "ताई, एवढे आकडे मांडून चंद्र सापडतो का खरंच?" मी म्हणायचे, सापडतो. "मग आमचे मालक कुठे सापडतील ते पण मांडा की." तिचे मालक म्हणजे रघू. तो तेव्हा तुरुंगात होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रह करून गेला होता, तसे तिच्या चाळीतले बरेच जण गेले होते. घरात उरले ती आणि तिचे सासरे, तात्या.

कुसुमचा कान वाहायचा. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं, कापसाचा बोळा घालून ती कामाला यायची, आणि आपल्याकडे कान वाहणं हा काही आजार मानत नाहीत. मग एका आठवड्यात कानामागे सूज आली, ताप चढला, आणि घड्या घालता घालता ती टेबलावर डोकं टेकून बसली. आम्हीच तिला परळच्या इस्पितळात नेलं. सर्जन म्हणाले, कानामागचं हाड किडलंय, पू मेंदूकडे सरकतोय. सोमवार हा त्यांचा ऑपरेशनचा वार. सोमवारी हाड कोरून काढायचं, त्यापुढे थांबलो तर आपल्या हातात काही राहणार नाही. फक्त घरच्या माणसाचा अंगठा हवा. नवरा तुरुंगात, तेव्हा अंगठा तात्यांचा.

आणि तात्या म्हणाले, नाही. कारण सोमवारी मुंबईवर दगड पडणार होता.

हसू नका. त्या आठवड्यात मुंबईत कोणी हसत नव्हतं. झालं होतं असं की एका वर्तमानपत्रात आकाशातल्या एका दगडावर लेख आला होता. दगड खराच. काही वर्षांपूर्वी परदेशातल्या दुर्बिणीने घेतलेल्या फोटोत सगळे तारे ठिपक्यांसारखे आले आणि हा एकटा रेघेसारखा, म्हणजे पळत होता. त्याचं परदेशी पौराणिक नाव आमच्या जिभेवर बसेना, आम्ही नुसतं 'तो' म्हणायचो. रुंदी अदमासे मैलभर. तीही कोणी पाहिलेली नाही, उजेडावरून केलेला अंदाज. सूर्याभोवती फिरायला आपल्याला वर्ष लागतं, त्याला वर्षाहून थोडं अधिक. पण आपली वाट गोल आणि त्याची काकडीसारखी लांबट. एका टोकाला तो बुधाच्याही आत सूर्याजवळ शिरतो आणि तव्यासारखा तापतो, दुसऱ्या टोकाला मंगळापलीकडे जाऊन थंडगार पडतो. जाता येता आपली वाट ओलांडतो. लेखाशेजारी आकृती होती. पृथ्वीच्या वाटेचा गोल, त्यावरून आडवी गेलेली लांबट वाट, आणि दोन ठिकाणी फुली.

लेखात वार नव्हता, तारीख नव्हती. तरी शनिवारी सकाळी आमच्या दारात माणसं उभी. सगळ्यांच्या तोंडी सोमवार. "पंचांगात दिलाय का हो?" अण्णा गॅलरीत उभे राहून एकच उत्तर देत होते. "आम्ही छापलेलं नाही, तेव्हा होणार नाही." निम्मे लोक त्याने समाधान पावून गेले, यावरून पंचांगाचं वजन काय होतं ते कळेल. बाकीचे निम्मे कोकणची बोट गाठायला भाऊच्या धक्क्याकडे निघाले होते. शहरात आधीच हरताळ, लाठ्या, गोळीबार यांनी माणसांचं काळीज हललेलं. त्यात हा वरचा.

मी दुपारी इस्पितळात गेले. कुसुमचं डोकं बांधलेलं, डोळे अर्धे मिटलेले. माझा हात तिने घट्ट धरला.

"ताई, म्हाताऱ्याने उद्याच्या बोटीची तिकिटं आणलीत. मला घेऊन गावी चाललाय."

"मी सांगते त्यांना."

"तुम्ही सांगा. माझं ऐकत नाही तो. बोटीत मला घालू नका ताई, मी बोटीतच मरेन." मग म्हणाली, "तुमच्या आकड्यांत बघा ना, तो दगड खरंच येतोय का."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. रडू पुढे ढकललं आणि थेट डिमेलो मास्तरांच्या अंगणात गेले. मास्तरांना आकाशाचा नाद होता. परदेशी वेधशाळांची पत्रकं ते वाचनालयातून उतरवून आणायचे. 'तो' त्यांच्याकडे होता. वाटेची लांबी, रुंदी, कलणं, आणि कोणत्या दिवशी सूर्याच्या सर्वांत जवळ होता, सगळं.

"कर तर मग," मास्तर म्हणाले. "मी इथे, तू ओट्यावर. ताळा म्हणजे ताळा."

हे गणित आमच्या नेहमीच्या गणितासारखं नव्हतं. ग्रहांच्या वाटा जवळजवळ गोल, त्यामुळे त्यांच्या चालीत दुरुस्ती थोडी लागते. हा म्हणजे घाटातली एसटी, सूर्याकडे उतरताना सुसाट आणि लांब जाताना धापा टाकत. सोमवारी तो कुठे असेल ते एका सूत्रात निघत नाही. आधी एक अंदाज धरायचा, तो घालून बघायचा, किती चुकला ते पाहून सुधारायचा, पुन्हा घालायचा. ग्रहांना दोनतीनदा पुरतं. हा काही केल्या स्थिर होईना. तिकडे धक्क्यावर बोट लागलेली, इकडे मी लॉगचे तक्ते चाळत बसलेली. अखेरीस आकडा हलायचा थांबला. सोमवारी तो सूर्याच्या पार पलीकडे होता. आपण सूर्याच्या या अंगाला, तो त्या अंगाला. मुंबईवर पडायचं तर त्याला आधी सूर्याला वळसा घालून यावं लागलं असतं.

मी कागद घेऊन मास्तरांकडे धावले. त्यांनी आपला कागद पुढे केला. जुळत नव्हता.

दोन उत्तरांत चांगलंच अंतर. त्यांच्याही उत्तराने दगड लांबच होता, पण आमच्या घरात 'साधारण लांब' नावाचं उत्तर नसतं. ताळा जुळला नाही म्हणजे दोघांपैकी एकाचं चुकलंय, आणि चुकलेल्या गणितावर मी कोणाच्या सुनेचा जीव लावू? मी पुन्हा पहिल्यापासून मांडायला बसणार, तेवढ्यात मी दोन्ही आकड्यांची वजाबाकी केली. सव्वातेवीस अंश.

पंचांगवाल्याला झोपेतून उठवून हा आकडा सांगितला तरी तो ओळखतो. बाहेरच्या जगाचे ज्योतिषी जिथून अंश मोजायला सुरुवात करतात आणि आपलं पंचांग जिथून करतं, त्या दोन जागांतलं हे अंतर. अयनांश. आम्ही प्रत्येक ग्रहातून तो वजा करून मगच छापायचो. मास्तरांनी त्या विलायती दगडातूनही वजा करून टाकला होता आणि पृथ्वीला मात्र तसंच ठेवलं होतं.

"मास्तर, तुम्ही दगडाला आपल्या पंचांगात घेतलंत."

त्यांनी चष्मा काढला. "जीझस. हातच चालतो गो आपला. अण्णाला सांगू नकोस." सव्वातेवीस परत मिळवले. जुळलं, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. मास्तरांनी आपल्या कपाळावर क्रूस काढला आणि मला म्हणाले, "जा आता. पळ."

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी लालबागला पोचले. चाळीच्या कोपऱ्यावर फळा होता. त्या दिवसांत प्रत्येक चाळीचा असायचा. सभा, मोर्चा, कोणाला अटक, कोण सुटलं, सगळं खडूने लिहिलेलं, आणि वर्तमानपत्राआधी लोक फळा वाचायचे. त्या फळ्याच्या वरच्या निम्म्यात कोणीतरी ती आकृती सुरेख उतरवली होती. गोल, काकडी, दोन फुल्या. खाली 'हा दगड पृथ्वीची वाट ओलांडतो.' त्याखाली, दुसऱ्या हाताने, दुसऱ्या दिवशी, वेगळ्या रंगाच्या खडूने: 'येत्या सोमवारी. कोणीही घराबाहेर पडू नये.' तो हरताळाचा निरोप होता. मधली रेघ मारायची राहून गेली होती, बस.

मी तिथल्या माणसांना ते दाखवलं. एकजण म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणता ते असेल, पण सोमवारी नाही तर मंगळवारी पडेल. फुली तर खरी ना?" एकदा भीती बसली की तिला वाराची गरज राहत नाही, हे मी तेव्हा शिकले.

तात्या गॅलरीत पेटीवर बसले होते. वळकटी बांधून तयार. भजनी मंडळाचे बुवा, शब्दाला वजन असलेला माणूस. शेजारपाजार भोवती जमला. मी नमस्कार केला आणि सांगितलं की मी कुसुमच्या छापखान्यातली, पंचांग मांडते.

"बायलमाणसा पंचांग मांडतत?"

"मांडतात."

"मगे सांग. ते दोन वाटो एकमेकींक भेटतत, ह्या तुका मान्य आसा?"

"कागदावर भेटतात." शेजारणीच्या हातातल्या दोन बांगड्या मी मागून घेतल्या. एक मोठी, एक लहान. एक आडवी धरली, दुसरी तिच्या काठावरून तिरकी धरली, आणि वरून बघायला सांगितलं. वरून बघितलं तर एकीवरून दुसरी गेलेली, फुली पडलेली. बाजूने बघितलं तर मध्ये बोट जाईल एवढी फट. "आकाशात त्या दोन वाटा अशा आहेत, तात्या. एक कललेली. कागद सपाट, म्हणून फुली दिसते. आणि सोमवारी तो दगड सूर्याच्या पलीकडे आहे. दोघांनी वेगवेगळं मांडलंय, जुळलंय."

शेजारीण खाली वाकून फट बघत म्हणाली, "खरंच गो." लोकांत जरा हालचाल झाली. तात्या हलले नाहीत.

"ह्यो एक झालो. तुमका ठावक नाय असे धोंडे आसत काय वर?"

आता हो म्हणायचं की नाही? नाही म्हटलं असतं तर त्याच क्षणी सुटले असते. पण अण्णांच्या घरात नसलेला आकडा भरायची शिकवण नव्हती. "आहेत," मी म्हटलं. "फोटोत सापडले तेवढेच माहीत आहेत. बाकीचे नाहीत."

"मगे तो पडात."

"पडेल. मुंबईवर पडेल तसा मालवणातही पडेल. त्याला कोकण काय आणि लालबाग काय. मग पोरीला बोटीत घालून काय मिळवणार?"

कोणीतरी हसलं. तात्या हसले नाहीत. मी एका प्रश्नाचं उत्तर दिलं की ते दुसरा काढत होते. दगड फुटला तर? तुकडा आला तर? मी पाच मिनिटांत घायकुतीला आले. शेवटी माझा तोल गेला आणि मी म्हटलं, "तात्या, ती मरेल हो. तुमच्या हट्टापायी मरेल."

म्हाताऱ्याने वळकटी बाजूला सारली.

"सोमवारी तू इस्पितळात येशीत?"

"हरताळ आहे सोमवारी."

"ता माका ठावक आसा. गाड्यो बंद. गिरगावातसून चलान ये. धोंडो पडूचो नाय म्हणतंस ना? मगे त्याच दिवशी उघड्या आभाळाखालसून ये. तू इलंस तर मी आंगठो देतंय. नाय इलंस तर दुसऱ्या बोटीन आमी चलले."

मी येते म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

अण्णांना कळलं तेव्हा ते संतापले. पंचांगाच्या नावावर असलं काही करायचा तुला अधिकार कोणी दिला, म्हणाले. मी म्हटलं, नाव पंचांगाचं नाही घेतलं, पाय माझे आहेत. रविवारभर त्यांनी माझ्याशी अबोला धरला. सोमवारी सकाळी मात्र दारात येऊन उभे राहिले. "आडरस्त्याने जा," एवढंच म्हणाले.

मुंबई अशी मी त्याआधी पाहिली नव्हती. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, ट्राम नाही, टांगा नाही. गिरगावातून भायखळ्यापर्यंत मी भिंतीला लागून चालले. मध्येच मान वर जायची, स्वतःवर चिडून मी ती खाली घ्यायचे. गणित माझं, ताळा जुळलेला, आणि मीच आभाळाकडे बघतेय. पण रिकाम्या रस्त्यावर एकटं चालताना आभाळ फार मोठं वाटतं.

भायखळ्याच्या पुढे पोलिसांची ओळ होती. लालबागच्या बाजूने आरडाओरडा येत होता, नळकांडी फुटल्याचे आवाज, आणि मग वाऱ्याबरोबर अश्रुधूर. डोळे जळू लागले. एका हवालदाराने मला हाताला धरून एका बंद दुकानाच्या पायरीवर ढकललं.

"बाई, मरायचंय का? घरी जा."

"इस्पितळात जायचंय. बाईचं ऑपरेशन आहे, मी गेल्याशिवाय होणार नाही."

"डॉक्टर आहात?"

"नाही."

"नर्स?"

"नाही."

"मग तुमच्याशिवाय कशाचं अडलंय?"

ताळा, तात्या, बांगड्या, हे त्या पायरीवर काय सांगणार? मी नुसती रडले. अश्रुधूर होताच, वेगळी आसवं गाळायला नकोत. तो बिचारा गोंधळला. तेवढ्यात ओळीपलीकडून दगड यायला लागले, खरे, हाताने मारलेले, आणि आम्ही दोघे त्या दाराला चिकटून उभे राहिलो. गोळी सुटल्याचा आवाज झाला. एकदा, मग पुन्हा. पलीकडे कोणीतरी आईच्या नावाने ओरडत होतं. मी कान झाकून घेतले आणि मनात एकच चाललं होतं की सर्जन आता हात धुऊन तयार असतील, आणि म्हातारा अंगठा मुठीत दाबून बसला असेल.

आवाज थांबल्यावर हवालदाराने मला एका गल्लीतून काढून दिलं. "सरळ जा. थांबू नका." मी थांबले नाही. पळाले. त्या वयातही मला पळायची सवय नव्हती. परळला पोचले तेव्हा चपलेचा अंगठा तुटलेला होता. सकाळ केव्हाच सरली होती.

तात्या ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. एकटेच. दार बंद, वर लाल दिवा. मी समोर जाऊन उभी राहिले.

"इलंस," ते म्हणाले.

"उशीर झाला. रस्ता... अंगठा द्या तात्या, मी आलेय, आता तरी द्या."

त्यांनी उजवा हात वर केला. अंगठ्यावर शाई होती, निळी, वाळलेली.

"सकाळीच दिलंय. डाक्टर म्हणालो, आता नाय तर मगे नाय. ती आत आसा."

मी बाकावर बसले. आधी हायसं वाटलं, आणि लगेच असा काही संताप आला की मी खोटं कशाला सांगू, त्या म्हाताऱ्याला दोन शब्द सुनावावेसे वाटले. गोळीबारातून आले मी. "मग मला कशाला चालवलंत? तुमचा दगड परवा संध्याकाळीच खोटा झाला होता का?"

"धोंड्याचा भय माका कधीच नाय होता," तात्या म्हणाले.

मी तुटलेली चप्पल पायातून काढली.

"माजी बायल ह्याच इस्पितळात गेली. रघू ल्हान होतो. पोटाचा ऑपरेशन. असोच आंगठो दिलंय, असोच भायर बसलंय, आणि आतसून तिका झाकून भायर हाडली." ते दाराकडे बघत बोलत होते. "सुरीचा भय वाटता म्हणान सांगितलंय तर लोक म्हणतले, बुवा भियालो. धोंड्याक सगळेच भियत होते. त्यांच्यात मी एक."

शनिवारी मी त्यांच्या एकेका प्रश्नाला उत्तर देत होते. वाटेचा कल, सूर्याची पलीकडची बाजू, सगळं बरोबर, सगळं जुळलेलं. आणि त्यातला एकही प्रश्न त्यांचा नव्हता.

"पण मग मला बोलावलंत का?" मी विचारलं. या वेळी राग नव्हता.

ते शाई लागलेला अंगठा धोतराच्या सोग्याला पुसत राहिले. ती निघत नव्हती.

"रघू तुरुंगात. शेजारी हरताळाक गेले. ह्या बाकार एकट्यान बसूचा धाडस नाय होता माका."

आम्ही बसून राहिलो. आतून भांड्याचा आवाज आला की दोघेही ताठ व्हायचो. एक नर्स बाहेर आली, आमच्याकडे न बघता गेली, काहीतरी झाकलेलं घेऊन परत आत शिरली. तात्यांचे ओठ हलत होते, भजन असेल किंवा बायकोचं नाव असेल, मी विचारलं नाही. मला माझं सगळं गणित त्या वेळी फोल वाटत होतं. कोट्यवधी मैलांवरचा दगड सोमवारी कुठे असेल ते मी सांगू शकत होते, आणि दहा पावलांवरच्या खोलीत काय चाललंय याचा मला काही पत्ता नव्हता.

लाल दिवा विझला. सर्जन बाहेर आले, तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि भराभर बोलले. किडलेलं हाड काढलंय, पू मेंदूला लागला नव्हता, थोडक्यात वाचलंय, त्या कानाने ऐकू मात्र येणार नाही. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. आणि गेलेही.

तात्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं. ते दाराकडेच बघत होते, बाहेर येणाऱ्या ढकलगाडीवरची चादर तोंडापर्यंत ओढलेली आहे का, तेवढंच. त्यांचा हात चाचपत माझ्याकडे आला.

"तू बघ गो," ते म्हणाले. "माका बघवत नाय."

मी बघितलं. चादर गळ्यापर्यंत होती.

"तात्या," मी म्हटलं, "तोंड उघडं आहे."